अंगणभर ट्रॅम्पोलीन

लांब उडीच्या खड्ड्याकडे ठकी सुसाट धावत आली आणि काठावर येऊन थांबली. वाकून तिनं खड्डा नीट न्याहाळला. मग बूट काढून हातात घेतले, मोजे खिशात कोंबले आणि वाळूतून संथपणे चालत पलीकडे गेली. पलीकडे पोचल्यावर मागे वळून बाकीच्या मुलांना म्हणाली, "सांभाळून या रे, खाली काचबीच असेल."

हे सगळं खेळाच्या बाईंनी फोनवर सांगितलं. सांगता सांगता त्यांना हसू आवरत नव्हतं. इकडे ठकीचे वडील मात्र फोन कानाला लावून तसेच उभे राहिले. बाईंनी फोन ठेवला तरी ते उभेच होते.

ठकीच्या वडिलांना सगळे सावधानराव म्हणायचे. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तेवढंच. ते विमा कंपनीत होते, आणि तेही अपघात विभागात. माणूस कुठून कुठून पडू शकतो हे दिवसभर वाचायचं आणि त्याखाली सही करायची, ही नोकरी. शिडीवरून पडलेले, स्टुलावरून पडलेले, उभ्या उभ्या पडलेले, सगळे त्यांच्या टेबलावरून गेले होते. एक गृहस्थ तर गादीवरून गादीवर पडले होते आणि तरी मनगट मोडून घेतलं होतं! असं वाचून घरी आलेला माणूस टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज लावणार नाही तर काय करील? सावधानरावांनी टेबलाला लावला, कपाटाला लावला, आणि सासरे राहायला आले तेव्हा त्यांच्या काठीच्या मुठीलाही लावला.

धाकटा ढब्बू या शिकवणुकीतून कोरडाच राहिला होता. तो कपाटावर चढायचा आणि स्पंज खायचा. पण ठकी पडली गुणी. तिनं बाबांचा शब्द न् शब्द ऐकला होता.

"ठके, उडी का नाही मारलीस गं?" संध्याकाळी त्यांनी विचारलं.

"पडले असते तर?" ठकी म्हणाली. डोळे मोठे, भुवया वर, 'तर' जरा लांबवलेला. सावधानरावांना आपणच आपल्यासमोर फ्रॉक घालून बसलोय असं वाटलं.

त्यांना जेवण गेलं नाही. "मी पोरीचं काय करून ठेवलं हे," ते बायकोला म्हणाले. "आठ वर्षांची आहे आणि माझ्याएवढी घाबरते."

"आता तोंड पाडून बसू नका," बायको म्हणाली. "तिला उड्या मारायला काहीतरी आणा. पडलं तरी लागणार नाही असं."

पडलं तरी लागणार नाही! उभ्या नोकरीत असलं वाक्य सावधानरावांच्या कानावर पडलं नव्हतं. त्यांनी शोध सुरू केला, आणि शोधता शोधता ट्रॅम्पोलीन सापडला, स्प्रिंगांवर ताणलेल्या गोल कापडाचा. (तो ट्रॅम्पोलीन की ती की ते, यावरून घरात बरंच वाजलं. सासरे 'ते' म्हणत, बायको 'ती' म्हणे. विकणारा 'तो' म्हणाला आणि घेताना विकणाऱ्याचंच ऐकावं लागतं, म्हणून आपणही तोच म्हणू.)

शेजारच्या अनुभवी काकांना याचा वास लगेच लागला. अनुभवी काकांचं प्रत्येक वाक्य "माझा अनुभव सांगतो" इथून सुरू व्हायचं, आणि जगात जिचा अनुभव नाही अशी वस्तू त्यांना अजून भेटायची होती.

"माझा अनुभव सांगतो," काका भिंतीवरून म्हणाले, "घेऊ नका. माझ्या साडूच्या शेजाऱ्याकडे होता. वादळ आलं आणि उडाला."

"कुठे पडला?"

"पडला असता तर चिंता नव्हती हो. पडलाच नाही!" काकांनी आकाशाकडे बघितलं. सावधानरावांनीही बघितलं. दोघे बराच वेळ बघत राहिले.

जमिनीत ठोकायचे खुंटे घ्यायचे, हे तिथल्या तिथे ठरलं. मग अंगण मोजायची वेळ आली. हे काम सासऱ्यांनी मागून घेतलं. सासरे भूमितीचे निवृत्त शिक्षक. गोल वस्तूबद्दल त्यांच्यासमोर 'रुंदी' असा शब्द काढायची सोय नव्हती, ते दोन दिवस बोलायचे नाहीत. आणि गोलाचं माप म्हणजे त्रिज्या, मध्यापासून कडेपर्यंत, हे तर त्यांनी घरातल्या भाकरीच्या तव्यालाही लावलं होतं. "व्यास काय, कोणीही सांगेल," असं ते म्हणायचे. तर सासऱ्यांनी दोरी धरली, दुसरं टोक ढब्बूनं तोंडात धरलं, आणि मापं झाल्यावर, चहूबाजूंनी जायला-यायला जागा सोडून केवढा गोल घ्यायचा ते त्यांनी जाहीर केलं, "जावईबापू, सात!"

सावधानराव दुकानात गेले. तिथे त्यांनी कापड दोन्ही हातांनी ओढून बघितलं. स्प्रिंगांवर गादीचं कव्हर आहे का, खांबांना फोम आहे का, जाळी स्प्रिंगांच्या आतून आहे की बाहेरून, पाय पत्र्याचे की जाड नळीचे, किती वजन पेलतो आणि ते कोणी तपासलं, सगळं विचारलं. मग खाली झोपून वेल्डिंग बघितलं.

"साहेब," दुकानदार वरून म्हणाला, "तुम्ही घेणार आहात की माझ्यावर केस करणार आहात?"

"घेणार आहे. पण गोल केवढा, ते तुम्ही कसं मोजता?"

"आरपार. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत."

म्हणजे व्यास. सावधानराव मनात हसले. सासरेबुवा व्यास सांगणाऱ्यातले नव्हेत. त्यांचा सात म्हणजे त्रिज्या, म्हणजे आरपार चौदा! "चौदा फुटी द्या," ते म्हणाले.

दुकानदार उठून उभा राहिला. चौदा फुटी शेवटचा एकच होता, कोणाच्या अंगणात मावत नाही म्हणून पडून होता. त्यानं तो इतक्या आनंदानं स्वस्तात काढला की सावधानरावांना घासाघीस करायलाही जागा उरली नाही. वर जादा खुंटे फुकट दिले. "फक्त परत घेणार नाही हां," तो म्हणाला, आणि पुन्हा म्हणाला. सुरक्षित तर सुरक्षित, वर स्वस्त! सावधानराव घरी आले ते छाती काढून.

रविवारी खोकी उघडली. सोबतच्या कागदावर एक टकला माणूस नळीला नळी जोडून हसताना दाखवला होता. अक्षर एकही नव्हतं. सावधानरावांनी हेल्मेट घालून काम सुरू केलं. नळ्या जोडल्या, जोडतच गेले. एका बाजूची नळी भिंतीला टेकली, दुसऱ्या बाजूची समोरच्या भिंतीला टेकली. इकडे गोल पायरीपाशी आला, तिकडे फाटकापाशी गेला. शेवटची नळी खट्टकन बसली आणि अंगण संपलं.

ढब्बूनं टाळ्या वाजवल्या.

"सात म्हटलं होतं ना मी?" सासरे म्हणाले.

"हो. त्रिज्या."

"त्रिज्या? अहो जावईबापू, व्यास! तुम्हाला पटकन समजावं म्हणून जन्मात पहिल्यांदा मी व्यास सांगितला!"

"आणि तुमचा मान राहावा म्हणून मी तो दुप्पट केला!"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. इतक्या वर्षांत दोघे एकमेकांसाठी पहिल्यांदाच वाकले होते, आणि वाकता वाकता डोक्याला डोकं आपटलं होतं.

आता परिस्थिती अशी होती. फाटक बाहेर उघडत होतं, हे नशीब. फाटक उघडलं की समोर ट्रॅम्पोलीन, आणि घराची पायरी ट्रॅम्पोलीनच्या पलीकडे. मागचं दार नव्हतं, मागे दुसऱ्या घराची भिंत होती. मोठा नग असल्यामुळे जाळीला दोन बाजूंनी चेनची दारं होती. म्हणजे घरी यायचं तर एका दारातून चढायचं, कापडावरून जायचं आणि दुसऱ्या दारातून उतरायचं. दुसरा रस्ता खालून होता, रांगत.

पहिली आली बायको, बाजारातून. फाटकात उभी राहून तिनं एकदा ट्रॅम्पोलीनकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघितलं. ते बघणं सांगण्यासारखं नाही. मग पिशवी छातीशी धरून ती चढली. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि तिसऱ्याला कापडानं तिला जी वर फेकली! "अगं आई गं!" ती ओरडली. खाली आली ती हसत, पुन्हा वर गेली, आणि मग हसू थांबेचना. पिशवीतले बटाटे तिच्याबरोबर वर जात होते आणि तिच्याबरोबर खाली येत होते. सावधानराव आ वासून बघत राहिले. आपली बायको हवेत इतकी सुंदर दिसते हे त्यांना माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं.

सासरे काठी बाहेर ठेवून चढले. दोन्ही हात पसरून उडाले, आणि अगदी वर असताना ओरडले, "अन्वस्त! पोरांनो, हा अन्वस्त!" फेकलेल्या चेंडूच्या वाटेची जी कमान आयुष्यभर फळ्यावर काढली, तिच्यावरून आज ते स्वतः जात होते. उतरले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. व्यासाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

अनुभवी काका बोलावण्याची वाट न बघता आले. "माझा अनुभव सांगतो," म्हणत चढले. वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. नंतर पायरीवर बसून त्यांनी पाणी मागितलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "ह्याचा मला अनुभव नव्हता." असं ते आजवर कोणाला म्हणाले नव्हते. म्हणूनच की काय, जाता जाता त्यांनी बदला घेतला. "परवानगी काढलीत का नगरपालिकेची?"

सावधानरावांचं धाबं दणाणलं. दुसऱ्या दिवशी ते नगरपालिकेत हजर झाले. खिडकीत चष्मा कपाळावर चढवलेला एक साहेब होता.

"काय बांधलंय?"

"बांधलं नाही, ठेवलंय. ट्रॅम्पोलीन."

"पाया?"

"नाही."

"छप्पर?"

"नाही."

"भिंती?"

"जाळी आहे. चारही बाजूंनी. म्हणजे गोल आहे, त्यामुळे बाजू अशा नाहीत, पण जाळी आहे."

"आत काय असतं?"

"मुलं."

साहेबांनी हिशेब केला. पाया नाही, छप्पर नाही, जाळी आहे आणि आत जीव आहेत. "हा पिंजरा झाला. शेजारच्या खिडकीत जा."

शेजारच्या खिडकीतला माणूस रजेवर होता. त्यामुळे हाच साहेब उठून तिकडे जाऊन बसला, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि जन्मात कधी भेटलो नसल्यासारखा म्हणाला, "बोला. कोणते प्राणी?"

"माझी मुलं हो!"

"पाळीव आहेत की इतर?"

सावधानरावांना ठकी आठवली आणि ढब्बू आठवला. "एक पाळीव, एक इतर," ते म्हणाले. शेवटी साहेब प्रत्यक्ष जागा बघायला येणार असं ठरलं. सावधानरावांची मान खाली गेली ती घर येईपर्यंत वर आली नाही.

साहेब आले, बॅग घेऊन, कपाळाला आठ्या घालून. घरात जायचं तर रस्ता एकच. ते बुटांसकट चढले. मधोमध गेले आणि तिथे त्यांना कळलं की आपण चालत नाही आहोत. एकदा उडाले. आठ्या तशाच होत्या. दुसऱ्यांदा उडाले तेव्हा एक आठी गेली. पुढे बॅग कुठे गेली आणि साहेब कुठे गेले याला ताळमेळ राहिला नाही. उतरल्यावर त्यांनी टाय सरळ केला. "पिंजरा नाही," ते हलक्या आवाजात म्हणाले. "परवानगी लागत नाही. पण... फेरतपासणीला यावं लागेल." आणि ते खरंच आले, सुट्टीच्या दिवशी, बायकोला घेऊन.

सगळी गल्ली उडून गेली. दूधवाला, कुरिअरवाला, खेळाच्या बाई, सगळे उडाले. ढब्बू तर जेवायला तेवढा खाली यायचा. सावधानरावांचे नियम कडक होते: एका वेळी एकच माणूस, खिशात काही नाही, चेन लावलेली. आणि कोणाचं नखसुद्धा मोडलं नाही! ते पायरीवर बसून नुसते बघत राहायचे. एवढी माणसं जमिनीवरून सुटतात आणि परत तिथेच, हसत, धडधाकट खाली येतात, हे त्यांच्या नोकरीत कुठे लिहिलेलंच नव्हतं.

फक्त दोन माणसं अजून उडाली नव्हती. एक ते स्वतः. "मला नियम बघावे लागतात," असं म्हणायचे आणि ऑफिसला जाताना वरचं माणूस थांबवून खालून रांगत जायचे. डोक्यात गवत, गुडघ्यांना माती आणि दातांत डब्याची पिशवी. असा माणूस फाटकाशी उगवला की रस्त्यावरची माणसं आदरानं दुसरीकडे बघायची. बायको समजवायची, सासरे चिडवायचे, पण हे गडी ऐकतील तर शपथ.

आणि दुसरी ठकी. ज्या पोरीसाठी हा सगळा उपद्व्याप केला, ती जाळीला बोटं अडकवून बाहेर उभी राहायची. "चढतेस का?" विचारलं की म्हणायची, "उद्या." कोणी जोर केला नाही. पण रोज तो 'उद्या' ऐकून सावधानराव उगाच खुंटे तपासायला जायचे. सगळ्या गल्लीची भीती गेली, आणि माझ्याच पोरीची तेवढी मी पक्की बसवून ठेवली, असं त्यांच्या मनात यायचं.

एक दिवस सकाळी ते नेहमीसारखे रांगत फाटकाशी निघाले. उभे राहिले, गुडघे झटकले, आधी डावा मग उजवा. मागे खुसपुस झाली म्हणून वळून बघितलं, तर ट्रॅम्पोलीनखालून ठकी येत होती. पाठीवर दप्तर, दातांत डब्याची पिशवी. ती उभी राहिली, तिनं पिशवी हातात घेतली, गुडघे झटकले, आधी डावा मग उजवा. मग वरच्या कापडाकडे एकदा बघितलं आणि सुटकेचा श्वास टाकला.

"चला बाबा," ती म्हणाली. "वाचलो."

वाचलो! सावधानरावांना त्या क्षणी जे वाईट वाटलं, ते कुठल्या विम्यानं भरून निघणारं नव्हतं.

"ठके," ते म्हणाले, "परत जाऊ या."

"काही विसरलं?"

"हो. वरून यायचं विसरलं."

त्यांनी चष्मा तिच्या हातात दिला, बूट काढले आणि चढले. मधोमध जाऊन ते उभे राहिले आणि डोळे मिटून त्यांनी एक उडी मारली. अगदी लहानशी. कापडानं ती मोठी करून परत दिली. सावधानरावांनी डोळे उघडले तेव्हा खाली काही नव्हतं. भिंत खाली होती, फाटक खाली होतं, काकांची टोपी खाली होती. क्षणभर त्यांचा सगळा भार कोणीतरी हातातून काढून घेतला होता आणि ते नुसतेच होते. "अरे!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. मग ते दणकन बसूनच खाली आले, बसल्या बसल्या पुन्हा वर गेले, आडवे झाले, उताणे झाले, आणि शेवटी हातपाय पसरून निपचित पडले.

फाटकाशी ठकी श्वास रोखून उभी होती.

"बाबा! लागलं?"

त्यांनी पडल्या पडल्या सगळे अवयव मनात तपासले. "पडलो," ते आश्चर्यानं म्हणाले. "ठके, मी पडलो! आणि काही झालं नाही गं!"

ठकी हसली. खळखळून हसली. आपले बाबा पडले होते, आणि जग जागच्या जागी होतं. तिनं दप्तर खाली ठेवलं, चष्मा दप्तरावर नीट ठेवला आणि हात पुढे केले. सावधानरावांनी तिला वर घेतलं, मधोमध उभं केलं आणि आपण उतरून चेन लावली. नियम म्हणजे नियम, एका वेळी एकच.

ठकी उभी राहिली. बराच वेळ नुसतीच उभी राहिली. दारात बायको आली, मागे सासरे आले, भिंतीवर काका आले. ठकीनं टाचा उचलल्या, मग पाय उचलले, आणि बोटभर उंच गेली. मग वीतभर. मग कापडानं तिला ओळखलं आणि हळूहळू उंच उंच नेलं. कमरेएवढी, खांद्याएवढी, भिंतीएवढी. वर पोचली की तिला बोलायला श्वास मिळत होता, तोही एका शब्दापुरता.

"बाबा!" ती वरून ओरडली आणि खाली गेली.

"मला!" खाली गेली.

"खूप!"

"भीती!"

सावधानरावांचा हात चेनकडे गेला. सगळं अंग ओरडत होतं, थांबव तिला, उतरव!

"वाटत!"

आता आपल्या भाषेची ही एक खोडच आहे. वाक्याचा सगळा जीव शेवटच्या शब्दाला टांगून ठेवायचा. 'आहे' की 'नाही', ते तो शब्द येईपर्यंत देवालाही कळायचं नाही. ठकी खाली आली, कापडात पार रुतली, आणि सुटली ती आजवर कोणी गेलं नव्हतं इतकी वर. दोन्ही वेण्या सरळ उभ्या, हात पसरलेले, तोंडावर ऊन. सावधानराव हात चेनवर ठेवून, मान मागे टाकून बघत राहिले. इतकं धडधाकट, इतकं उंच आणि इतकं त्यांचं असं काही त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

"होती!" ठकी ओरडली.

त्यांचा हात चेनवरून खाली आला. "आणि आता?" त्यांनी विचारलं.

ठकीनं उत्तर दिलं नाही. ती पुन्हा वर निघाली होती.